केशर, तू मला घोस्ट केलंस

बमरोली, सुरत

प्रिय केशर,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून दचकली असशील, तर दचक. दिवाळीपासून मी तुझ्या फोनची वाट बघतेय. फोन तू उचलत नाहीस. मेसेज वाचतेस, दोन निळ्या खुणा उमटतात, आणि पुढे मिठाची गुळणी धरून बसतेस. म्हणून म्हटलं, आता कागदच पाठवावा. ह्याला खुणा नसतात. तू वाचलंस की न फोडता कपाटावर टाकलंस, मला इथे बसून काही कळायचं नाही. पण वाचशील तू. भेळेच्या पुडीचा कागद उलगडून वाचणारी बाई तू, स्वतःच्या नावाचं पत्र बंद ठेवशील होय? शेजारची मंगलाबाई तिच्या बहिणीकडे कामरेजला निघालीय, तिच्या हाती देतेय. आत लोणच्याची कृती आहे असं तिला सांगितलंय. तिचा विश्वास बसलेला दिसत नाही, तेव्हा पाकीट नीट बघून घे. कड उचकटलेली असली तर मला कळायला हवं.

आधी तुला एक नवीन शब्द सांगते, म्हणजे पुढच्या सगळ्याचा अर्थ लागेल. शब्द इंग्रजी आहे, पण शाळेच्या पुस्तकातला नाही, पोरांच्या तोंडातला. घोस्ट करणं. आमची धनश्री फोनवर तिच्या मैत्रिणीला गुजरातीत सांगत होती, अमक्यानं तमकीला घोस्ट केलं म्हणून. मी ओट्यावर साड्यांचे सुटे दोरे कापत बसले होते, हात साडीवर आणि कान पोरीकडे. फोन झाल्यावर विचारलं, हे काय गं नवीन? तर म्हणाली, मम्मी, समज एक माणूस तुझ्याशी रोज बोलतो, सगळं छान चाललंय, आणि एक दिवस तो एकदम गायब. भांडण नाही, कारण नाही, हो म्हणत नाही की नाही म्हणत नाही. फोन केला तर वाजत राहतो. त्याला घोस्ट करणं म्हणतात. माझ्या हातातली कात्री तिथेच थांबली. माय वं, म्हटलं, ही तर आमची केशर. आणि तिच्या पाठोपाठ ते कामरेजचे भाईदास आणि त्यांची बायको.

आता ते भाईदास कोण हे तुला सांगायला नको. पण मला माझ्या तोंडानं पहिल्यापासून सांगू दे. कोणी कुठे काय लपवलं हे मला असंच सापडतं. नवरात्र उलटल्यावर आमचे जेठ, ह्यांचे थोरले भाऊ बाबुराव, स्थळ घेऊन आले. मुलगा दीपक, घरचा साडीच्या लेसचा कारखाना, वडील भाईदास, मूळचे आपल्याच पारोळ्याकडचे. जेठांनी स्थळ आणलं म्हणजे आमच्याकडे ते अर्धं ठरलेलंच असतं. ह्यांना गावाहून सुरतेत आणलं त्यांनी, पांडेसऱ्याच्या मिलमध्ये लावलं त्यांनी, ही खोली बघून दिली त्यांनी. आमचे हे अजून त्यांच्यासमोर खुर्चीला पाठ टेकत नाहीत. मंडळी आली, पोहे झाले, चहा झाला. मुलाची आई पार स्वयंपाकघरापर्यंत येऊन ओट्यावरून बोट फिरवून गेली. मग तिनं विचारलं, चौकशीला आमच्याकडे तुमच्या ओळखीचं कोणी आहे का? आपल्यात चौकशी केल्याशिवाय कोणी पाऊल पुढे टाकत नाही. मुलगी तोंडाळ आहे का, सकाळी कधी उठते, आईबापाचं पटतं का, सगळं आधी शेजारणीकडून काढून घेतात. जेठांनी कोणा मिलवाल्याचं नाव घेतलं. मी म्हटलं, छे, आमच्या केशरला विचारा, ती आता कामरेजलाच असते, कितीतरी वर्षं आमची भिंत एक होती, माझ्या पोरीला पहिली आंघोळ तिनं घातलीय. जेठांच्या कपाळाला आठी पडली. ती का पडली ते तुलाही माहीत आणि मलाही. तुझ्या घरात बुद्धाची मूर्ती आणि आमच्या देव्हाऱ्यात कानबाई, जेठांना आठी पाडायला एवढं पुरतं. मी तिकडे बघितलंच नाही. स्वतःच्या हातानं, बाई, मी तुझा नंबर त्या बाईच्या मोबाइलात घातला. दारात चपला घालताना भाईदास म्हणाले, कळवतो.

आणि मग भाईदासही गप्प, आणि तूही गप्प. एकाच आठवड्यात. आता तूच सांग, मी काय समजायचं होतं?

मी तरी आधी तुला त्या शब्दातून सोडवायलाच बघत होते. धनूनं त्या शब्दाला इतक्या अटी घातल्यात की विचारू नकोस. आमच्या ओट्यावर तो शब्द पोचला तेव्हा बायकांनी त्याचा नुसता धुरळा उडवला. मंगलाबाई म्हणाली, गॅसवाल्यानं मला घोस्ट केलंय. धनू म्हणाली, नाही काकू, त्याला उशीर झालाय फक्त. मग मंगलाबाई म्हणाली, आमचा म्हातारा घरात असून टीव्हीपुढे तोंड उघडत नाही, त्यानं केलंय. तर नाही, समोर बसलेला माणूस घोस्ट करत नाही. भांडून बोलणं तोडलं तर तेही नाही, कारण तुला कारण माहीत असतं. आजारी असला, फोन हरवला, तर नाही. माणूस धडधाकट असला पाहिजे, फोन त्याच्या हातात असला पाहिजे, तुझं नाव दिसत असलं पाहिजे, आणि तरीही त्यानं उचलता कामा नये. मास्तरणीसारखं समजावत होती पोरगी. मी खाली मान घालून दोरे कापत होते आणि एकेक अट तुला लावून बघत होते.

आजारी आहेस म्हणावं, तर तू फोनवरचा फोटो बदललास, नातवाला मांडीवर घेऊन हसतेयस. फोन हरवला म्हणावं, तर निळ्या खुणा काय तुझी मांजर करते? राहिलं भांडण. तेव्हा मी आपली सगळी भांडणं आठवून बघितली. तू कामरेजला राहायला गेलीस तेव्हा मी टेम्पोजवळ आले नाही म्हणून तू रागावली होतीस, पण ते तर तू पुढच्याच रविवारी लोचो खाताना विसरलीस. तुझ्या सुनेला मी सावळी म्हटलं, तर तीच हसली होती. वाळवणाच्या वेळी तुझी परात माझ्याकडे राहिली, ती राहिली आहे खरी, पण परातीसाठी कोणी अबोला धरतं का? काहीच सापडेना. मग मी एक काम केलं. मंगलाबाईचा फोन घेतला, तिला म्हटलं, लाव केशरला आणि विचार कशी आहेस. तू पहिल्याच रिंगला उचललास. चांगली खळखळून हसत होतीस, थंडी कशी आहे, वालपापडी आली का बाजारात, सगळं विचारलंस. मी तिच्या खांद्याशी कान लावून उभी होते. माझं नाव मात्र एकदाही घेतलं नाहीस. तिनं मुद्दाम घेतलं, तर तुला लगेच कुकरची शिट्टी ऐकू आली.

त्या दिवशी मी रडले नाही, मला राग आला. अस्सा राग आला की ह्यांनी चहात साखर कमी आहे म्हटलं तर पातेलंच मोरीत ओतलं. सगळ्या अटी बसल्या, केशर. आणि मला वाटलं, आता काही लपून राहिलेलं नाही. त्या बाईनं तुला फोन केला, तू माझ्या पोरीबद्दल वाकडंतिकडं बोललीस, स्थळ मोडलं, आणि आता मला तोंड कुठून दाखवणार म्हणून दडून बसलीस. का बोललीस तेही मी मनाशी जुळवलं. तुझ्या पोराचं लग्न ठरताना मी दागिन्यांना नावं ठेवली होती, त्याचा वचपा. जेठांनी तुझ्या हातचं पाणी कधी घेतलं नाही, त्याचा वचपा. एकदा संशय घ्यायला बसलं की कारणं कमी पडत नाहीत. गंमत म्हणजे ज्या पोरीचं स्थळ हवेत विरलं, ती मजेत गुणगुणत भाकरी थापत होती. तेही मला दिसत होतं, पण मी तुझ्यावर इतकी चिडले होते की घरात बघायला सवड कुठे होती?

तुळशीचं लग्न झालं आणि पांडेसऱ्याच्या हॉलमध्ये आमच्या नात्यातल्या एका लग्नाला ती भाईदासांची बायको दिसली. मला बघून तिनं पदर सावरला आणि जेवणाच्या रांगेतून दुसऱ्या टोकाला गेली. मी सोडते होय? हात धुवायच्या नळापाशी गाठलं. म्हटलं, बाई, कळवतो म्हणाला होतात, आम्ही अजून दार उघडं ठेवून बसलोय. तिनं आधी इकडेतिकडे बघितलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, अहो ताई, तुमच्या मैत्रिणीनं सांगितलं ना, मुलीच्या मनात नाही म्हणून. आम्हाला वाटलं तुमच्याच सांगण्यावरून सांगितलं असेल. आम्ही नकार कळवला असता तर उद्या लोक म्हणाले असते, ह्या मुलीला कामरेजवाल्यांनी नापसंत केलं. तिच्या नावाला डाग कशाला? म्हणून गप्प राहिलो. एवढं बोलून तिनं माझ्या हातावर हात ठेवला आणि गेली. मी नळ तसाच वाहता ठेवून उभी. जिला मी इतके दिवस शिव्या घालत होते, ती माझ्या पोरीचं नाव राखायला गप्प बसली होती.

पण तुझ्यावरचा राग काही उतरला नाही, उलट चढला. मुलीच्या मनात नाही, हे तू कशावरून ठरवलंस? तिच्या मनात काय आहे हे तिच्या आईला माहीत नाही आणि तुला माहीत? रिक्षात बसल्यावर हाच प्रश्न मी परत परत मनात घोळवला, आणि उधना येईपर्यंत तो उलटा झाला. तुला कसं माहीत, असं विचारायचं सोडून मी विचारलं, तुला कोणी सांगितलं. आणि मग घरी येऊन फडताळ उघडलं. त्यात ठेच्याची एक बरणी होती. दिवाळीआधी धनू घेऊन आली होती, मार्केटजवळच्या दुकानातून आणला म्हणाली होती. मी तो इतके दिवस भाकरीबरोबर खात होते आणि मला काही सुचलं नव्हतं, इतकी मी आंधळी झाले होते. दुकानातला ठेचा! शेंगदाण्यात भाजलेले तीळ घालून वर लिंबाची साल किसणारी बाई अख्ख्या सुरतेत तू एकटी आहेस, केशर. पोरगी कामरेजला येऊन गेली होती. तुझ्याकडे येऊन, जेवून, बरणी घेऊन गेली होती.

आता संशयाची दिशा बदलली. दुसऱ्याच्या घरातून माझ्याच घरात आली. पोरीच्या मनात लग्न नाही म्हणजे कोणीतरी मुलगा आहे, दुसरं काय? मी तिच्यावर नजर ठेवायला लागले. कोणाचा फोन येतो, कोणाला बघून हसते, कुठला गाडीवाला सोडायला येतो. कामावरून बसनंच यायची बिचारी, पण मला वाटायचं, गल्लीच्या तोंडाशी उतरून मग चालत येत असेल. आणि एक दिवस तिच्या कपड्यांच्या घडीखाली मला नवी साडी सापडली. फिक्या पोपटी रंगाची जॉर्जेट, घडीसुद्धा न मोडलेली. झालं! मी म्हटलं, सापडला पुरावा. कोणा मेल्यानं दिली असणार. साडी घेऊन उजेडात गेले आणि सवयीनं काठाचे दोरे बघायला लागले. काठावर एक बारीक वेल होती, वेलीच्या मधे तुळस, आणि तुळशीखाली ठिपके. ठिपक्यांतला एक जरा खाली घसरलेला. काठभर, पदरभर, तेच तेच, आणि प्रत्येक वेळी तो एक ठिपका खाली घसरलेला. तुला माझा डावा हात आठवतो ना? लहानपणी आखाजीच्या जत्रेत आजीनं गोंदवून घेतलं होतं, आणि शेवटच्या ठिपक्याला मी बोंब मारून हात ओढला होता. तू किती चिडवायचीस, उज्ज्वलाची तुळस गळते म्हणून. ती गळकी तुळस पोरीनं जशीच्या तशी काठावर उतरवली होती.

मी ती साडी मांडीवर घेऊन बसले. धनू कामावरून आली, मला बघितलं आणि दारातच थबकली. मी ओरडले नाही. नुसता हात पुढे केला. मग ती बोलली. साडीवाल्याकडे फोनवर गिऱ्हाइकांना उत्तरं देता देता ती कम्प्युटरवर डिझाइन काढायला शिकली. ही तिची पहिली डिझाइन, त्यांनी छापली, चांगली चालली, आता तिला तिथेच डिझाइनवर बसवलंय. आणि भाईदासांकडच्यांनी आधीच सांगितलं होतं की सुनेनं घरच्या कारखान्यातच बसायचं, बाहेर जायचं नाही. जेठांशी हे बोलणं झालं होतं, ह्यांच्या कानावरही घातलं होतं. मला सांगावंसं कोणाला वाटलं नाही. तुझ्याकडे ती रडत आली, तुला म्हणाली की मावशी, तुम्हाला चौकशीचा फोन येईल तेव्हा मुलीच्या मनात नाही असं सांगा, आणि मम्मीला कळू देऊ नका. वर माझीच शपथ घातली तुला. मी तिला विचारलं, अगं पण मला का नाही सांगितलंस? तर खाली बघत म्हणाली, सांगून काय झालं असतं मम्मी, मोठ्या पप्पांसमोर तू काय बोलली असतीस?

खरंच बोलली पोरगी, केशर. इतकी तोंडाळ मी, गल्लीत माझ्या तोंडाला कोणी लागत नाही, पण जेठ आले की मी पदर डोक्यावर घेते आणि स्वयंपाकघरात जाते. पोरगी ते लहानपणापासून बघत आलीय. ती तुझ्याकडे गेली ह्याचा मला राग यायला हवा होता, पण वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. तिला माझ्याकडे यावंसं वाटलं नाही, ह्याचं. आणि तुझंही आता कळतं. शपथ मोडायची नाही, आणि माझ्याशी खोटं बोलायला गेलीस की तुला खोकला येतो हे मला ठाऊक. मग काय करशील बिचारी, फोनकडे बघत बसलीस. धनू म्हणते, मावशीला कारण होतं, म्हणून तो शब्द तिला लागू पडत नाही. मी म्हटलं, कारण तिच्याकडे होतं, माझ्याकडे कुठे होतं? ज्याचा फोन नुसता वाजत राहतो त्याच्यासाठी ते घोस्टच असतं. ह्यावर आमचं दोघींचं अजून भांडण चालू आहे. तुझ्याबद्दल मी काय काय मनात आणलं ते वर सगळं लिहिलंय, काही गाळलेलं नाही. भेटलीस की काय बोलायचं ते बोल, मी ऐकून घेईन.

आता हे सगळं लिहायला का बसले, ते. जेठांनी दुसरं स्थळ आणलंय, बारडोलीचं. मंडळी बघूनही गेली. ह्यांनी मान डोलावली, धनू कपबशा घेऊन आत गेली ती बाहेर आलीच नाही. जाताना मुलाच्या आत्यानं तोच प्रश्न केला, चौकशीला कोण? जेठांनी ह्या वेळी त्या मिलवाल्या शालिग्रामभाऊंचं नाव तयारच ठेवलं होतं. मी पदर खांद्यावर घेऊन बाहेर आले आणि तुझा नंबर दिला. जेठ बघतच राहिले. बैठकीत मी काही बोलले असते तर ते चहाबरोबर पिऊन टाकलं असतं त्यांनी, पण चौकशीत निघालेली गोष्ट कोणी पोटात ठेवत नाही, ती घरोघर पोचते. तर त्या आत्याबाईचा तुला फोन येईल. तिला सांग, मुलगी लाखात एक आहे, पण तिचं काम आता कुठे उभं राहतंय, तिच्या मनात आत्ता लग्न नाही. आणि हे तुम्हाला कोणी सांगितलं असं तिनं विचारलं, तर गप्प बसू नकोस, धनूचं नाव घेऊ नकोस. मुलीच्या आईनं सांगितलंय म्हण. उज्ज्वला सुकदेव पाटील, असं पूर्ण नाव घे. जेठ तणतणत येतील, येऊ देत, मी ह्या वेळी आत जाणार नाही. तिच्याशी बोलून झालं की मला फोन कर. पहिल्या रिंगला उचलते.

तुझीच,
भिंतीपलीकडची
उज्ज्वला